मऊ बूट आणि दुकानातली पाच मिनिटं

स्केट्स घ्यायला आलेला माणूस दुकानातल्या बाकावर बसतो, पाय आत सरकवतो, लेस जेमतेम ओढतो, उभा राहून शेल्फला धरून जरा डुलतो आणि म्हणतो, "वा, काय मऊ आहे!" सॉफ्ट बूट इनलाइन स्केट्सचा सगळा धंदा या एका वाक्यावर चाललाय असं माझं मत आहे. माझी सगळी चिडचिडही त्याच वाक्यावर आहे, बुटावर नाही. बूट मला आवडतो, मी स्वतः सॉफ्ट बूटच वापरते, आणि कोणी विचारलं तर दहातल्या आठ जणांना तोच घ्या म्हणते. पण मऊ आहे म्हणून घ्या असं मात्र कधी सांगत नाही.

आम्ही रेडमंडला राहतो, सिअॅटलच्या बाजूला. इथे अर्ध्या सोसायट्यांमध्ये मराठी ऐकू येतं, आणि मेरीमूर पार्कपासून बॉथेलकडे जाणारा सॅमामिश नदीच्या काठाचा ट्रेल म्हणजे स्केटिंगवाल्यांसाठी आयती सोय, सपाट डांबरी रस्ता, चढ नाही, गाड्या नाहीत. पुढे तोच बर्क-गिलमन ट्रेलला मिळतो, आणि तो म्हणजे जुन्या रेल्वेलाइनचा रस्ता, त्यामुळे तिथेही चढ फार नाही. उन्हाळा आला की आपले लोक उत्साहाने स्केट्स घेतात, कोणी मुलांच्या निमित्ताने, कोणी डॉक्टरने वजन कमी करा सांगितलं म्हणून, आणि मग मला विचारतात कारण मी त्यांच्या आधीपासून या भानगडीत आहे. गेल्या उन्हाळ्यात नवऱ्याचा एक मित्र नवी जोडी घेऊन आला. "वहिनी, घोटे फार दुखतात हो, माझे घोटेच कमजोर असणार." तरी म्हटलं हे अजून कसं आलं नाही! सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच असतं. खाली बघितलं तर लेस सैल, मधला तिरका पट्टा उघडाच लटकतोय, वरचं बक्कल पहिल्याच खाचेत. घोटे बिचारे धडधाकट होते, त्यांना धरायला काही नव्हतं एवढंच.

ज्यांनी हा प्रकार जवळून बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इनलाइन म्हणजे एका रांगेत चाकं. बुटाचे ढोबळ दोन प्रकार. हार्ड बूटमध्ये बाहेरून पूर्ण प्लास्टिकचं कवच असतं आणि आत काढता येणारा जाड मोज्यासारखा लायनर. सॉफ्ट बूट वरून साध्या स्पोर्ट्स शूजसारखा दिसतो, जाळीचं कापड, फोम, लेस. पण त्याच्या खाली कडक प्लास्टिकचा तळ असतो, आणि टाचेपासून पोटरीच्या खालच्या भागापर्यंत मागून वेढा घालणारा एक कडक कफ. रोलरब्लेड या कंपनीचंच बघायचं तर ट्विस्टर हा हार्ड आणि मॅक्रोब्लेड हा सॉफ्ट. शेजारी शेजारी ठेवले की फरक लहान मूलही सांगेल.

आता हा सॉफ्ट प्रकार आला कुठून ते मला फार इंटरेस्टिंग वाटतं. इनलाइनची आजची लाट मिनेसोटातली. १९७९-८० च्या सुमाराला मिनिअॅपोलिसच्या स्कॉट ओल्सन या हॉकी खेळणाऱ्या पोराला आणि त्याच्या भावाला, ब्रेननला, एका रांगेत चाकं असलेले जुने स्केट्स सापडले. उन्हाळ्यात बर्फ नसताना हॉकीची प्रॅक्टिस करायला हे बरं म्हणून त्यांनी हॉकीच्याच बुटांना चाकांच्या फ्रेम लावायला सुरुवात केली, आणि त्यातून रोलरब्लेड उभी राहिली. पुढे ऐंशीच्या दशकात बूट प्लास्टिकचा झाला. प्लास्टिकचा बूट ही कल्पना स्कीइंगवाल्यांची, साठच्या दशकात बॉब लँगने प्लास्टिकचे स्की बूट बाजारात आणले आणि चामड्याचे बूट बघता बघता मागे पडले. इटलीत मोंटेबेलुना म्हणून गाव आहे, तिथे आणि आजूबाजूला हे बूट बनवणाऱ्या कंपन्यांची दाटी आहे, नॉर्डिका, टेक्निका, रोसेस. त्यांच्याकडे साचे होते, प्लास्टिक ओतणारी मशीन होती, कारागीर होते, आणि हिवाळ्याचा माल काढून झाला की उन्हाळ्यात काय करायचं हा प्रश्नही होता. स्केट्सचा बूट त्यांच्या हातात अलगद येऊन पडला. रोलरब्लेड स्वतःसुद्धा आधी बेनेटनकडे, नॉर्डिकाच्या जोडीला, आणि मग २००३ मध्ये टेक्निकाकडे गेली. म्हणजे आपण रस्त्यावर घालतो तो हार्ड बूट मुळात बर्फाच्या डोंगरासाठी विचार केलेला आहे, उणे दहा तापमानात पाय गरम राहावा, बूट जराही हलू नये, उतारावर माणसाने सगळा भार पुढे नडगीवर टाकावा. मेरीमूर पार्कात जुलैच्या दुपारी यातलं काय कामाचं आहे?

१९९४ मध्ये केटूने सॉफ्ट बूट आणला. केटू ही आमच्या इकडचीच कंपनी, मूळची व्हॅशन बेटावरची. फॉन्टलरॉयच्या धक्क्यावरून फेरी पकडली की पंधरा-वीस मिनिटांत बेटावर पोचतो, आम्ही कधी कधी नुसतं हिंडायला जातो. कर्शनर कुटुंबाचा तिथे फायबरग्लासचा कारखाना होता, मोडलेल्या हाताला लावायच्या पट्ट्या, प्राण्यांचे पिंजरे असलं काय काय बनायचं, आणि साठच्या दशकात बिल कर्शनरने फायबरग्लासच्या स्कीज काढल्या. दोन कर्शनर भाऊ म्हणून दोन के, शिवाय तो डोंगर आहेच. आता गंमत बघा, केटू स्कीज बनवायची, स्की बूट बनवत नव्हती. तिच्याकडे प्लास्टिकच्या बुटाचे साचे पडून नव्हते की ते वापरलेच पाहिजेत. हा माझा तर्क आहे, पण मला तो पक्का वाटतो. ज्याच्या घरी साचा असतो तो साच्यातूनच विचार करतो, आणि ज्याच्याकडे नसतो त्याला पहिल्यापासून विचार करावा लागतो की बाबा, पायाला नेमकं कुठे धरायचंय?

आणि सगळी डिझाइन या प्रश्नातच आहे. स्केटिंगमध्ये आपण चालल्यासारखं मागे ढकलत नाही, बाजूला ढकलतो. पाय चाकांच्या वर उभा असतो, चाक ऐंशी मिलिमीटरचं, वर फ्रेम, म्हणजे तळवा जमिनीपासून साधारण नऊ-दहा सेंटिमीटर उंच, आणि खाली टेकलेली असते फक्त एक बारीक रेघ. तेवढ्या उंचीवर घोटा पाच अंशांनी जरी आत कलंडला तरी खालची ती रेघ पायाच्या मध्यापासून जवळजवळ एक सेंटिमीटर सरकते. मग प्रत्येक धक्क्याला पायाचे स्नायू त्या सेंटिमीटरशी भांडत बसतात आणि अर्ध्या तासात माणूस म्हणतो माझे घोटे कमजोर आहेत. म्हणजे बाजूला हलू द्यायचं नाही. पण पुढे मात्र वाकू द्यायचं, कारण गुडघे वाकल्याशिवाय स्केटिंग होत नाही आणि घोटा पुढे वाकल्याशिवाय गुडघा वाकत नाही. म्हणून कफ घोट्याच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटवर बसवतात, दाराच्या बिजागरीसारखा, पुढे-मागे फिरेल, आडवा हलणार नाही. आणि चवड्याला, बोटांना, पायाच्या वरच्या भागाला? तिथे कडक काही असायची गरजच नाही फारशी. तिथे हवा लागली तर बरंच. सॉफ्ट बूटवाल्यांनी केलं ते एवढंच, कडकपणा जिथे लागतो तिथे ठेवला आणि बाकीचा काढून टाकला. त्याच सुमारास रोलरब्लेडने याच कफला ब्रेकही जोडला होता, पाय पुढे सरकवला की कफ मागे कलायचा आणि दांडीने मागचा ब्रेक जमिनीला टेकवायचा, म्हणजे टाचेवर उभं राहायची कसरत नको. मला तो प्रकार अजून आवडतो, आता फारसा दिसत नाही.

हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं, पण खरं पटलं ते जुना बूट कापल्यावर. माझी आधीची जोडी अगदी ढिली झाली होती, फेकायच्या आधी म्हटलं बघू तरी आत काय आहे. गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, कटर घेतला. नवरा दारात येऊन म्हणाला, "अगं, कॉलेजातलं बेडकाचं प्रॅक्टिकल राहिलं होतं का?" असू दे. वरची जाळी सहज फाटली, खाली बोटभर फोम, पिवळा पडलेला, पायाच्या घामाने कडेला काळपट. घोट्याच्या हाडाभोवती तो फोम दाबून दाबून पापडाएवढा पातळ झाला होता, आणि दोन इंच वर, जिथे काही टेकत नाही, तिथे अजून नव्यासारखा फुगीर. आणि मग टाचेशी कटर अडकला. आतल्या बाजूला, दोन कापडांच्या मध्ये, प्लास्टिकचा वाटीसारखा वळवलेला तुकडा शिवून टाकलेला होता, बाहेरून अजिबात दिसत नव्हता. म्हणजे मऊ वाटणाऱ्या भागातही टाच धरायला लपवलेलं प्लास्टिक! वरचं कापड खाली वळवून तळाच्या प्लास्टिकला डिंकाने चिकटवलेलं, त्यावर स्क्रू. डिंक करंगळीच्या बाजूला सुटलेला, कारण पडताना आणि वळताना पहिली घासते ती तीच बाजू. कफ आणि तळ मात्र ठणठणीत होते. चाकं, बेअरिंग, फ्रेम सगळं ठणठणीत. पापडाएवढ्या फोमपायी सगळी जोडी निकामी.

हीच सॉफ्ट बूटची खरी अडचण आहे. ती दुकानात दिसत नाही. हार्ड बूटचा लायनर दबून पातळ झाला की नवा घालायचा, कवच वर्षानुवर्षं चालतं, काही लायनर तर गरम करून आपल्या पायाच्या आकारावर बसवता येतात. सॉफ्ट बूटमध्ये फोम आणि कापड हाच बूट. आत हात घालून धुता येत नाही, उन्हात ठेवला तर डिंक सुटायची भीती, आणि आमच्या सिअॅटलमध्ये ऊन तरी कुठे रोज असतं? मधेच भुरभुर सुरू झाली की जाळी पाणी पिते, मोजा पाणी पितो, आणि मग दोन दिवस तो बूट घराच्या कोपऱ्यात वास मारत बसतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, आत बोळे बदलत राहायचे, दुसरा इलाज मला सापडलेला नाही. बेअरिंग पुसायचे ते वेगळंच, नाहीतर गंज.

मग तरीही मी सॉफ्ट का वापरते? पायांमुळे. आपण लहानपणी घरात अनवाणी, बाहेर चपला, शाळेपुरते बूट, असे वाढलेलो. माझे पाय चवड्याकडे पसरट आहेत, आमच्या घरात सगळ्यांचेच आहेत. हार्ड बूट घालून बघितले तेव्हा इटलीतल्या कोणा अरुंद पायाच्या माणसाला समोर ठेवून साचा केलाय असं वाटलं, करंगळी दहा मिनिटांत ओरडायला लागली. प्लास्टिक करंगळीसाठी सरकत नाही. जाळी सरकते. टाच घट्ट आणि चवडा मोकळा ही जी सोय सॉफ्ट बूट देतो ती आपल्यासारख्या पायांना फार मोठी आहे.

पण त्यासाठी टाच घट्ट पाहिजे ना! इथे आपलं शाळेच्या बुटांचं शिक्षण आडवं येतं. जूनमध्ये आई दुकानात घेऊन जायची, अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघायची आणि एक नंबर मोठा घ्यायची, वाढता पाय आहे. ते शाळेच्या बुटाला ठीक होतं. स्केट्समध्ये चाळिशीतला माणूस तीच अंगठ्याची टेस्ट करतो आणि वर जाड लोकरी मोजे घालतो. उलट करायचं. मोजा पातळ. पाय टाचेपासून बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजायचा, भिंतीला टाच लावून, उभं राहून. बूट घालून टाच जमिनीवर आपटून मागे नेऊन बसवायची, मग लेस, मग तो मधला तिरका पट्टा, मग कफचं बक्कल. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकायला हवीत, गुडघे वाकवले की बोटं मागे येतात आणि टाच मागे रुतते. त्या नवऱ्याच्या मित्राला हे सगळं करायला लावलं, पट्टा ओढला तर म्हणाला, "वहिनी, हे तर आवळतंय." म्हटलं आवळू दे, टाच उचलून दाखवा. उचलता येईना. पुढचा तास घोट्यांचं नाव काढलं नाही त्याने, मात्र पावलाच्या कमानीचं काढलं, ती वेगळी गोष्ट, नव्या माणसाची कमान दुखतेच, कारण तो घाबरून बोटं आवळून धरतो.

तो मधला पट्टा म्हणजे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. ४५ अंशात बसवलेला असतो, पायाच्या वरून टाचेकडे तिरका खेचतो. कारल्याचा वेल कसा मऊच राहतो, ताठ असतो तो मांडव, आणि वेल मांडवाला बांधलेला नसेल तर मांडवाचा उपयोग शून्य. लोक हा पट्टा बांधत नाहीत कारण नवीन बुटात तो पायाच्या वरच्या हाडाला टोचतो. आणि कंपन्यांना हे कळलंय. म्हणून स्वस्त मॉडेल्समध्ये तो पट्टाच गायब, किंवा आहे पण नुसता कापडी, वेल्क्रोचा, दिखाऊ. त्याच्या जागी एका दोरीने किंवा गोल चकती फिरवून घट्ट होणाऱ्या लेस. चकती छान आहे, पटकन होतं, ग्लव्ज घालूनही होतं, पण ती सगळीकडे सारखंच आवळते, आणि मला चवडा सैल आणि वरचा भाग घट्ट असं वेगवेगळं हवं असतं. साध्या लेसला गाठ मारून ते करता येतं. मी जुन्या वळणाची म्हणा हवं तर.

पुण्याला दिराच्या मुलीला ऑनलाइन घेतलेले स्केट्स बघून तर कपाळावर हात मारला. कंपनीचं नाव घेत नाही, तसले वीस प्रकार मिळतात. गुलाबी, मऊ मऊ, बटण दाबलं की पुढचा भाग सरकून चार साइज मोठा होणारा. मुलांचा पाय वाढतो म्हणून ती सोय चांगलीच आहे, पण पाऊल लांब होतं, कफ तेवढाच राहतो, आणि याचा कफ तर मी दोन बोटांनी आत दाबला तर वाकला. कडक भाग जिथे हवा तिथेच पैसे वाचवलेले. चाकं दगडासारखी, खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, प्रत्येक फटीला दात वाजतायत. पोरगी पाय आत पाडून, बदकासारखी चालत होती आणि तिची आई म्हणत होती, "ताई, हिला बॅलन्सच नाही हो." बॅलन्स आहे गं तिला, मांडव नाही! जाऊबाईंचं दुसरं म्हणणं होतं की क्लासचे सर म्हणतात पुढे महागातले घ्यावे लागतील, एशियाडमधल्यांसारखे. २०२३ च्या हांगचौ एशियाडमध्ये ३००० मीटर रिलेत आपल्या मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही टीमनी ब्राँझ आणलं, तेव्हापासून हे वाढलंय, आणि चांगलंच आहे. पण त्या स्पीडच्या बुटांचा मामला अगदी वेगळा. ते कार्बनचे, घोट्यापाशीच संपणारे, कफ नाहीच. फोम नावाला. ते पायावर इतके नेमके बसवलेले असतात आणि त्या पोरांचे घोटे इतके कमावलेले असतात की वरून धरायची गरज नसते. आठ वर्षांच्या पोरीला आधी कफ पाहिजे, कार्बनचं पुढे बघू.

मला वाईट याचं वाटतं की सॉफ्ट बूट दरवर्षी अजून मऊ होत चाललाय. जुन्या जोड्या हातात घेतल्या की कफ जाड, रिव्हेट धातूचे, फोम दाट. आता स्वस्तातल्या मॉडेलमध्ये फोम गुबगुबीत, दुकानातल्या बाकावर स्वर्ग, आणि एक सीझन गेला की पाय आत खुळखुळतो. कंपनीला दोष द्यावा तर ती म्हणणार गिऱ्हाईक जे दाबून बघतं तेच आम्ही देतो. खरंय तेही. दुकानात कोणी अर्धा तास स्केटिंग करून बघत नाही, दाबूनच बघतं. वरच्या किमतीत चांगले मिळतात अजून, पण नवशिक्याला जास्त आधार हवा असतो आणि त्याच्याच वाट्याला सगळ्यात लुळा कफ येतो, हे जरा अतीच झालं.

तेव्हा या उन्हाळ्यात कोणी जाणार असाल तर दुकानात कफ दोन्ही बाजूंनी धरून आत दाबा, रिव्हेट घोट्याच्या हाडाच्या उंचीला येतो का बघा, तिरका पट्टा आहे का बघा, आणि स्केट्स घालून तिथेच वीस मिनिटं बसा, मोबाइल बघा, लाजू नका, कोणी उठवत नाही. तेवढ्यात जे दुखायचं ते दुखायला लागतं. विक्रेता बेअरिंगचं सांगेल, एबेक सात, एबेक नऊ, म्हणजे बेअरिंग किती अचूक त्याचे नंबर. त्याला हो हो म्हणा. तासाला वीस किलोमीटरने गेलात तरी ऐंशीचं चाक मिनिटाला जेमतेम तेराशे फेरे मारतं, तेवढ्याला पाच नंबरचं बेअरिंगही झोपेत फिरेल. तो नवऱ्याचा मित्र परवाच विचारत होता, आता तीन मोठ्या चाकांचे घेऊ का, ११० वाले, फास्ट जातात म्हणे. म्हटलं जातात, पण चाक मोठं की पाय अजून वर, मग परत घोट्यांची तक्रार घेऊन माझ्याकडेच याल. आधी आहेत त्यांचा पट्टा रोज बांधा. बांधतो म्हणालाय, रविवारी ट्रेलवर बघते.